मोर्चात माणसं नेमकी किती होती?

मोर्चा संपला की पहिला वाद आकड्याचा. आयोजक एक सांगतात, पोलीस दुसरं, आणि आपण दोन्हीच्या मधला आकडा धरून मोकळे होतो. पण दोन्ही अंदाज चुकीचे असतील तर मधला आकडा बरोबर का असावा? म्हणून आज बघू, गर्दी मोजतात कशी.

सगळ्यात प्रसिद्ध पद्धत हर्बर्ट जेकब्स यांची. ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पत्रकारिता शिकवायचे. १९६०च्या दशकात तिथल्या चौकात विद्यार्थ्यांची आंदोलनं व्हायची आणि चौकाच्या फरशीवर चौकटी आखलेल्या होत्या. जेकब्सनी काही चौकटींतली डोकी मोजली आणि एकूण चौकटींनी गुणलं, बस्स. त्यांचा ठोकताळा असा: सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत ४.५. म्हणजे मैदान तेच, पण गर्दी ‘सैल’ की ‘दाट’ हे ओळखण्यात गल्लत झाली तर आकडा दुपटीच्याही वर जातो. शिवाय या पद्धतीत पत्रकार, भेळवाला आणि माझ्यासारखे बघे सगळेच मोजले जातात!

हे झालं थांबलेल्या गर्दीचं. चालणाऱ्या मोर्चाला ही पद्धत चालत नाही, तिथे नळाच्या धारेसारखं मोजायचं. एक जागा धरायची, मिनिटाला किती जण पुढे गेले ते बघायचं आणि एकूण वेळेने गुणायचं. समजा मिनिटाला १५० जण आणि रांग साडेतीन तास, तर ३१,५००. मिनिटाला फक्त १५ जण जास्त धरले की तोच आकडा ३४,६५०.

मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आला, तेव्हा मी एमएस्सीला होतो. ११ तारखेच्या रविवारी निव्वळ कुतूहलापोटी पूर्व द्रुतगती मार्गावर जाऊन उभा राहिलो. लाल टोप्या, लाल झेंडे, डोक्यावर बोचकी, आणि चपला झिजून काहींचे पाय सोललेले. मी मोबाईलमध्ये मिनिटं लावून डोकी मोजत होतो. एक आजी थांबल्या. “काय मोजतो रं बाबा?” म्हटलं, माणसं. “मग मला धरलं का?” हसत विचारून त्या पुढे गेल्यासुद्धा. पण थांबल्यामुळे त्या माझ्या कोणत्या मिनिटात गेल्या, हे मला आजही सांगता येणार नाही. धार मोजताना हीच अडचण येते: माणूस नळातल्या पाण्यासारखा वागत नाही. तो थांबतो, बिस्किटं खातो, मागे राहिलेल्या सोबत्याची वाट बघतो.

आणि जो मध्येच येऊन सामील होतो त्याचं काय? हाँगकाँगच्या १ जुलैच्या मोर्चांवर काम करणाऱ्या संशोधकांनी यावर दोन ठिकाणी मोजायचा तोडगा काढला. सोबत मोर्चेकऱ्यांची पाहणी करून, दोन्ही ठिकाणांवरून किती जण गेले याचा अंदाज घ्यायचा, म्हणजे कोणी दोनदा मोजलं जात नाही. गरज होतीच. तिथल्या २००३च्या मोर्चाचा आकडा आयोजकांनी पाच लाख सांगितला होता, पोलिसांनी साडेतीन लाख.

आपल्या लाँग मार्चचे आकडेही वर्तमानपत्रांत तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आले. मला हा फरक नुसता तांत्रिक वाटत नाही. त्यातले बरेच जण वर्षानुवर्षं वनजमीन कसणारे आदिवासी शेतकरी होते आणि २००६च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी मागत होते. कसतात ती जमीन, पण सातबाऱ्यावर नाव नाही. अशा माणसांनी सरकारला दिसावं म्हणून चालत यायचं आणि तिथेही वीस हजारांचा हिशेब लागू नये, हे मला खटकतं.

त्या रात्री मोर्चा सोमय्या मैदानावर मुक्काम करणार होता. पण दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. रस्ते अडून मुलांचे हाल होऊ नयेत म्हणून लोक रात्रीतच उठून आझाद मैदानाकडे निघाले आणि पहाटे पोचले. सगळ्यात अवघड गणित इथलं: अंधारात धार मोजता येत नाही, आणि दमून आडव्या झालेल्या माणसाला जेकब्सच्या ठोकताळ्यात जागाच नाही. मला विचाराल तर मी माणशी सहा फूट बाय तीन फूट धरले असते.