खंडेनवमीच्या आधींची पूजा

पावसाळा सरला, आकाश निवळलें, नद्यांचें गढूळ पाणी नितळ झालें आणि वाटेवरचा चिखल वाळून पायाला घट्ट जमीन लागूं लागली, म्हणजे शरदृतु आला असें आपले पूर्वज समजत. कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघुराजाला दिग्विजयासाठीं बाहेर काढलें तें याच ऋतूंत. आणि आपण दसऱ्यास गांवाची वेस ओलांडून सीमोल्लंघन करतों तेंही त्याच जुन्या प्रघातास अनुसरून. राजे गेले, घोडे गेले. परंतु चार महिने घरांत कोंडलेल्या माणसाला या दिवसांत बाहेर पडण्याची जी ओढ लागते, ती कांहीं गेलेली नाहीं. आमच्या धाराशिवच्या घरीं ही ओढ एका जुन्या मोटारसायकलीच्या रूपानें अंगणांत उभी असते. तिच्याविषयीं, आणि फार महाग पडलेल्या एका धड्याविषयीं, चार शब्द लिहावे असें मनांत आहे.

शब्दरूपें घोकवून घेण्यांत ज्याचा जन्म गेला त्या मास्तरानें तेलकट फडकें हातीं घ्यावें, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु हा वारसा मला वडिलांकडून मिळाला. ते वैद्य होते. ऋतु पालटला कीं आहारविहार पालटावा, हें ऋतुचर्येचें सूत्र ते रोग्यांस सांगत, तसेंच गाडीसही लावीत. शरदांत माणसाचें पित्त उसळतें आणि गाडीचा गंज वर येतो, असें ते हंसत म्हणावयाचे.

ही गाडी ‘जावा २५०’. तिचें मूळ कूळ चेकोस्लोव्हाकियाचें. यानेचेक नांवाच्या कारखानदारानें १९२९ सालीं ‘वांडरर’ या जर्मन मोटारसायकलीच्या निर्मितीचे हक्क घेतले आणि दोन्ही नांवांचीं पहिलीं अक्षरें जोडून ‘जावा’ असा छोटासा समास केला. आपल्या देशांत म्हैसूरच्या कारखान्यांत १९६१ पासून या गाड्या तयार होऊं लागल्या. पुढें १९७३ मध्यें त्यांस ‘येझदी’ हें नांव मिळालें आणि १९९६ मध्यें तो कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा हें नांव बाजारांत पुन्हां आलें खरें, पण त्या नव्या गाड्यांचें इंजिन निराळ्या जातीचें आहे. त्यांचे भाग आमच्या गाडीस उपयोगीं पडत नाहींत.

वडिलांनीं ती १९६९ मध्यें घेतली. तिचें सिलिंडर एक, पण धुराच्या नळ्या दोन. ज्या दांड्यास लाथ मारून इंजिन सुरूं करावयाचें, तोच दांडा पुढें वळविला कीं गिअर बदलण्याच्या कामीं येतो. पेट्रोल तिला नुसतें चालत नाहीं. लिटरमागें ४० मिलिलिटर तेल त्यांत मिसळावें लागतें. खेड्यापाड्यांत रोगी पाहावयास वडील तीवरून जात, आणि तिचा टकटक आवाज वेशीशीं आला कीं आई चुलीवर चहाचें आधण ठेवी.

आतां तो धडा सांगतों. गोष्ट १९९८ ची. वडील जाऊन दोन वर्षें झालीं होतीं व गाडीचा भार माझ्यावर आला होता. त्या वर्षीं चारही महिने ती मागच्या पडवींत, पागोळ्यांच्या तुषारांत उभी होती. खंडेनवमीस विळी, कोयता, कात्री, शिवणयंत्र यांच्या पंक्तीस तीही आली. मीं ती वरून लखलखीत पुसली, हळदकुंकू वाहिलें, झेंडूचा भरघोस हार घातला, नारळ फोडला. एकादशीस सोलापुरास बहिणीकडे सोनें देण्यासाठीं मी व आमचें कुटुंब असे दोघे निघालों. तुळजापूर मागें पडलें आणि सोलापूरच्या अंगाचा घाट उतरूं लागलों. एका वळणावर समोर कडब्याची बैलगाडी आली. मीं ब्रेकची मूठ दाबली. कांहीं तरी तुटल्याचें हातास जाणवलें आणि मूठ सैल पडली. मागचा ब्रेक पायानें दाबला, तर तोही धरीना. डाव्या बाजूस रस्त्याच्या कामाची खडी पडली होती, त्या ढिगांत गाडी घातली. मला खरचटलें एवढेंच. कुटुंबाचें मनगट मोडलें.

हात प्लास्टरमध्यें घालतांना ती रडली नाहीं. मात्र घरीं आल्यावर म्हणाली, “मी हार ओवायला तासभर बसलें. तुम्हांला तार बघायला पांच मिनिटें झालीं नाहींत?” या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें ती तार वेष्टणांतून ओढून काढली, तेव्हां दिसलें कीं वरच्या तोंडानें आंत पाणी शिरून तिचे पदर एकेक करून केव्हांच गंजून गेले होते. उरल्या दोन-तीन पदरांच्या भरंवशावर मी घाट उतरत होतों. मागच्या चाकांतील, ब्रेकच्या पट्ट्या फांकविणारा लहानसा कणाही वंगणावांचून आंवळून बसला होता. गाडीचा यांत कांहीं दोष नव्हता. दोष होता तो, वरची झिलई म्हणजेच आरोग्य असें समजणाऱ्या तिच्या धन्याचा.

तेव्हांपासून आमच्या घरीं नवरात्राचे दिवस या तपासणीस नेमून दिलेले आहेत. रोज सकाळीं घंटा-दीड घंटा पुरतो, आणि घरांतील मुलेंमाणसें आळीपाळीनें हातभार लावतात.

आरंभ पेट्रोलच्या टांकीपासून. चार महिन्यांचें जुनें पेट्रोल सगळें काढून टाकावें. पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालीं तें वीस टक्क्यांस पोंचलें. आपल्या उसाचेंच हें अपत्य असल्यानें त्यास नांवें कशीं ठेवावीं? परंतु तें हवेंतील ओल शोषून घेतें. ओल फार झाली कीं तें पाण्यासह तळाशीं बसतें, टांकी आंतून गंजवितें, आणि जुन्या गाडीच्या नळ्यांचें रबर फुगवून मऊ करतें. शरदांतील दिवसा तापलेल्या व रात्रीं चांदण्यांत निवालेल्या पाण्यास आयुर्वेद हंसोदक म्हणून नांवाजतो. टांकीच्या तळाशीं सांपडणारें पाणी मात्र त्या जातीचें नव्हे. नळ्या बदलाव्या, तोटीखालची वाटी व कार्बुरेटर धुवावा. आणखी एक सूचना घरांतील वडील मंडळींस: नवरात्रांत देवापुढें नंदादीप अखंड तेवत असतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत दूरवर पसरते. म्हणून हें काम घरांत किंवा पडवींत न करतां उघड्यावर, दिव्याचुलीपासून लांब करावें.

दुसऱ्या दिवशीं श्वासोच्छ्वास पाहावा. हवेच्या गाळणींत धूळ असतेच. पण धुराच्या नळीच्या तोंडांत कुंभारीण माशीनें मातीचें घर बांधलेलेंही मला दोनदां सांपडलें. गोरोबाकाकांचें तेर आमच्या जवळच. कुंभारकामाचा मान राखावा, पण तें घर काढून टाकावें. नंतर ठिणगी. प्लग काढून तारेच्या ब्रशानें साफ करावा. ज्या दोन टोंकांच्या उघडमिटीनें ठिणगी पडते, त्यांवरील काळेपणा पुसून त्यांमधील अंतर ०.४ मिलिमीटर आहे ना, हें पातळ पट्टीनें मोजावें. जुन्या जावाची वीज अवघी सहा व्होल्टांची. तारांच्या जोडांवर हिरवट गंज चढला कीं ती वाटेंतच जिरते. म्हणून प्रत्येक जोड सोडवावा, घांसावा व पुन्हां आंवळावा.

पुढें गिअरच्या पेटींतील तेल. तें बाहेर काढतांना दुधासारखें पांढुरकें दिसलें, तर आंत पाणी शिरलें असें समजावें व तेल बदलावें. साखळी झांकणांत बंद असते म्हणून तिला विसरूं नये. झांकलेलें तेंच आधीं गंजतें. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुना टायर कडक होऊन त्यास चिरा जातात, तेव्हां हे आंकडे वाचून पाहावे.

शेवटचे दोन दिवस ब्रेकांसाठीं राखून ठेवावे. दोन्ही चाकें काढावीं, ड्रम पुसावे, पट्ट्या झिजल्या असल्यास बदलाव्या, कण्यास वंगण द्यावें; पण तें पट्ट्यांस लागूं देऊं नये. तार वेष्टणांतून पुरी बाहेर काढून दोन बोटांच्या चिमटींतून ओढावी. एक पदर जरी बोटास टोंचला, तरी तार नवी घालावी. एवढें झाल्यावर अंगणांत दहा पावलें गाडी ढकलून दोन्ही ब्रेक निरनिराळे तपासावे, आणि मगच झेंडूचा हार.

गाडी सिद्ध झाली तरी आमच्याकडची वाट या दिवसांत सावधपणानेंच चालावी लागते. सोयाबीनची काढणी चाललेली असते व कांहीं ठिकाणीं शेतकरी तें रस्त्यावरच वाळत घालतात. त्या गोल दाण्यांवरून चाक असें सरकतें कीं ब्रेक कितीही चांगला असला तरी व्यर्थ. ट्रॅक्टरच्या चाकांनीं आणलेली काळी माती डांबरावर पडते. तिला पहांटेचें दंव लागलें म्हणजे साबणच. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरास पायीं येणाऱ्या भक्तांची रीघ लागते. तेव्हां तो रस्ता त्यांचा आहे असें समजून आपण त्या बाजूस जाऊंच नये. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर खुद्द तुळजाभवानी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. आपण चार दिवस थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं. दुपारच्या उन्हांत वाऱ्यावर थंड होणारें इंजिन फार तापतें, तर संध्याकाळीं सहा व्होल्टांचा दिवा खड्डा दाखविण्यापूर्वींच आपण खड्ड्यांत असतों. म्हणून सकाळीं निघावें, नळदुर्गाचा किल्ला व बोरी नदीवरचा पाणीमहाल पाहावा, आणि दिवस मावळण्यापूर्वीं घरीं यावें. डोक्यावर शिरस्त्राण दोघांच्याही हवें. मागें बसणाऱ्याचें डोकें कांहीं कमी मोलाचें नसतें.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं या गाडीवरून मोठा वाद झाला. पुण्यास असलेल्या चिरंजिवांचें म्हणणें, बाबांचे गुडघे दुखतात, गाडी विकावी. गिऱ्हाईक चांगली किंमत देत आहे. पुतण्याचें म्हणणें, विकूं नये, पण ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदवावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं, मूळ रूपांत राहिलेल्या पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं अशी निराळी नोंदणी सुरूं केली आहे. तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. परंतु अशी गाडी नित्याच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती, पेट्रोल भरणें अशा कामापुरतीच ती बाहेर काढावयाची.

दोघांचें ऐकून घेऊन माझ्या ऐंशी उलटलेल्या आईनें मला विचारलें, “भूकंपाच्या वेळीं हीच होती ना रे?” होय, हीच होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास धरणी हादरली. लातूर व आमचा जिल्हा मिळून हजारों माणसें घरांच्या दगडमातीखालीं गेलीं. मोठ्या गाड्यांनीं रस्ते तुंबले, वर पाऊस. त्या गर्दींतून वडिलांचीं औषधें व घरचीं पांघरुणें घेऊन मी सास्तूरच्या बाजूस गेलों तो हिच्यावरूनच. ती त्या दिवशीं सुरूं झाली, याचें कारण वडिलांनीं तिला नुसती जपली नव्हती, चालती ठेविली होती.

मग ठरलें असें: गाडी विकावयाची नाहीं, आणि शोभेसाठीं कोंडावयाचीही नाहीं. दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन साधी नोंदणी पुन्हां मिळते, तीच ठेवावयाची. आणि चालविण्याचें काम माझ्याकडून काढून घेऊन नातीकडे द्यावयाचें. ती कॉलेजांत शिकते, परवाना तिनें रीतसर काढला आहे. मनास थोडें लागलें, हें खोटें कां बोलूं? पण चिरंजिवांचें गुडघ्यांविषयींचें म्हणणें खरें होतें.

गेल्या खंडेनवमीस कुटुंबानें हार ओवून परडींत आणून ठेविला. मी तो घालावयास उठलों, तोंच नात म्हणाली, “आजोबा, थांबा.” तिनें पुढच्या ब्रेकची तार मुठीपासून सोडविली, आंतून पुरी ओढून काढली आणि चिमटींतून टोंकापर्यंत फिरवून पाहिली. मग ती आजीकडे वळून म्हणाली, “आतां दे हार.” आजीनें तो तिच्या हातीं दिला. देतांना तिचें ते जुनें मनगट अजून किंचित् वांकडें दिसतें, हें माझ्या नजरेंतून सुटलें नाहीं.