बेरजेच्या पोटात काय आहे?

पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यम व्यापाऱ्यांचे हिशेब तपासणं आणि त्यांचे महिन्याचे, तिमाहीचे रिपोर्ट त्यांना समजावून सांगणं, हे माझं काम. स्क्रीनवर रिपोर्ट उघडला की मी आधी डाव्या बाजूला बघते. ओळींच्या कडेला चौकोनात अधिकचं बारीक चिन्ह दिसलं की बरं वाटतं. ते दाबलं की बेरीज उघडते आणि ती कशाकशाची बनली आहे ते खाली ओळीने उभं राहतं. पुन्हा दाबलं की सगळं मिटतं.

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका रंगांच्या वितरकाचा एप्रिल ते जूनचा रिपोर्ट समोर आहे. जिल्ह्याची विक्री गेल्या वर्षी ४६ लाख होती, यंदा ४८ लाख. अशा वेळी मालक हमखास म्हणतात, "मॅडम, टोटल वाढलीय की! आता आत कशाला बघायचं?" मी अधिकचं चिन्ह दाबते आणि तालुके उघडतात. करवीर २२ लाखांवरून ३० वर गेलंय. हातकणंगले १५ वरून १४. आणि गडहिंग्लज ९ लाखांवरून थेट ४ वर आलंय. आता करवीरची ओळ उघडायची आणि वरच्या बाजूला तिमाहीचा कॉलम उघडून तीन महिने वेगळे करायचे. मे महिन्यात एकाच बांधकाम व्यावसायिकाचं ७ लाखांचं बिल दिसतं. ते एकदाच झालेलं काम, पुढच्या तिमाहीत ते नसणार. ते बाजूला काढलं तर जिल्हा ४१ लाखांवर येतो, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा ५ लाखांनी खाली. गडहिंग्लजला कुणीतरी तातडीने जाऊन यायला हवं होतं आणि ४८ चा आकडा मात्र सगळं ठीक चाललंय असं सांगत होता.

बेरीज उघडून आत बघायची ही सोय नवीन नाही. १९७९ साली व्हिजिकॅल्कने हिशेबाचा तक्ता संगणकावर आणला, पण तो तक्ता सपाट होता. एकाच माहितीकडे जिल्ह्याने, मालाने किंवा महिन्याने हवं तसं बघायचं, ही कल्पना १९९१ च्या लोटस इम्प्रूव्हने रुजवली आणि पुढे एक्सेलच्या पिव्होट टेबलने ती घराघरांत नेली. आपल्याकडच्या अकाउंटंटना तर ती टॅलीमुळे अंगवळणी पडली आहे. ताळेबंदात चालू मालमत्तेवर एंटर, मग संड्री डेटर्सवर एंटर, मग पार्टी, मग महिना आणि शेवटी प्रत्यक्ष व्हाउचर. टॅली प्राइममध्ये शिफ्ट-एंटर दाबलं की पान न बदलता तीच ओळ जागेवर उघडते. चांगल्या रिपोर्टची माझी कसोटी हीच आहे: वरच्या आकड्यापासून खालच्या बिलापर्यंत न अडता उतरता आलं पाहिजे.

एक्सेलमध्ये हे दोन प्रकारे होतं. साध्या तक्त्यात ओळी निवडून शिफ्ट-ऑल्ट आणि उजवा बाण दाबला की त्यांचा ग्रुप होतो. असे आठ थर करता येतात, पण तीनच्या पुढे वाचणारा हरवतो असं माझं मत आहे. डाव्या कोपऱ्यात १, २, ३ असे आकडे येतात, त्यातला २ दाबला की सगळ्या तक्त्याचा दुसरा थर एकदम उघडतो. पिव्होटमध्ये हे थर आपोआप तयार होतात आणि एखाद्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की त्यामागच्या मूळ नोंदी नव्या शीटवर येतात.

पिव्होटचा एक घोळ मात्र आपल्या लोकांना फार नडतो. तारखांचे गट तो कॅलेंडर वर्षाने पाडतो, त्यामुळे त्याची पहिली तिमाही जानेवारी ते मार्च. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. म्हणून मूळ माहितीतच आर्थिक वर्ष आणि तिमाही असे दोन कॉलम सूत्राने घालून घ्यावेत. टक्क्यांचंही तसंच जपावं लागतं. करवीरला ३० लाखांवर ५ टक्के सूट आणि गडहिंग्लजला ४ लाखांवर १५ टक्के, तर दोन्ही मिळून सूट १० टक्के होत नाही, सुमारे ६.२ टक्के होते.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. मिटलेली ओळ फाइलमध्ये असतेच. एका कार्यालयाने विभागवार पगाराच्या बेरजांचा पिव्होट सगळ्या विभागप्रमुखांना मेलने पाठवला. नावांच्या ओळी नीट मिटवल्या होत्या, मूळ शीटही काढून टाकली होती. तरी बेरजेवर दोनदा क्लिक केल्यावर प्रत्येकाचा पगार नावानिशी बाहेर आला, कारण पिव्होट मूळ माहितीची प्रत स्वतःपाशी ठेवतो. माणसांच्या पगाराबाबत असा निष्काळजीपणा होता कामा नये. अशा वेळी नव्या फाइलमध्ये फक्त व्हॅल्यूज पेस्ट कराव्यात किंवा पीडीएफ पाठवावी. ग्रुप केलेला तक्ता असेल तर आधी ऑल्ट आणि अर्धविरामाची कळ दाबून फक्त दिसणाऱ्या ओळी निवडाव्यात, नाहीतर मिटलेल्या ओळीही कॉपी होऊन जातात.

उलट बाजूने, ज्याला बघण्याचा हक्क आहे त्याला उघडता येईल असंच पाठवावं. सोसायटीच्या सभासदाला "दुरुस्ती खर्च" एवढी एकच ओळ, संचालकाला "इतर खर्च" एवढीच ओळ, हे मला पटत नाही. बराच गैरप्रकार "इतर" मध्ये लपतो.

म्हणून पुढच्या मीटिंगला छापील कागद घेऊन बसू नका. फाइल स्क्रीनवर लावायला सांगा आणि ज्या ओळीत सगळ्यात मोठी वाढ दिसते तीच आधी उघडायला लावा.