लॉनचा खरा हंगाम सप्टेंबरात

महाराष्ट्राचा निम्म्याहून जास्त भाग नुसत्या गवतानं झाकला, तर जेवढी जमीन लागेल तेवढी अमेरिकेत लॉनखाली आहे! नासाच्या संशोधक क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली उपग्रहचित्रांवरून हा अंदाज काढला: सुमारे १,६४,००० चौरस किलोमीटर. पाणी देऊन वाढवलेल्या मक्याखाली तिथं जेवढं क्षेत्र आहे, त्याच्या जवळजवळ तिप्पट. घरांची अंगणं, बागा, गोल्फची मैदानं सगळं त्यात आलं. एवढ्या गवताला दुखणीही तेवढीच, आणि ती ऋतू बघून येतात.

न्यू जर्सीचंच घ्या. एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंत मराठी घरं भरपूर, आणि घरापुढे बहुधा केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू किंवा रायग्रास. (केंटकी ब्लूग्रास मूळचं केंटकीचं नाहीच, ते युरोपातून आलं.) ही तिन्ही थंडीची गवतं. हवा १५ ते २४ अंश असली की खूश, पारा तिशीपार गेला की बेजार. आणि नेमका इथंच घोळ होतो. माणसांना लॉनची आठवण होते एप्रिलमध्ये. गवताला मदत हवी असते सप्टेंबरात.

बर्फ वितळल्यावर दिसणारे गोल डाग
मार्चमध्ये बर्फ सरकतो आणि खाली करड्या किंवा गुलाबी रंगाचे गोल चट्टे दिसतात. ही बर्फाखाली वाढणारी बुरशी. जमीन गोठण्याआधीच जाड बर्फ साचला, की त्या उबदार, ओल्या अंधारात ती मजेत पसरते. घाबरू नका: हलक्या हातानं दंताळं फिरवा, हवा खेळू द्या, बहुतेक गवत आपलं आपण सावरतं. चट्ट्यांऐवजी नागमोडी वाटा दिसल्या तर त्या व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या. हिवाळाभर तो बर्फाखालून गवत कुरतडत हिंडलेला असतो. आणि ड्राइव्हवेच्या कडेची करपलेली पट्टी? बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. तिथं भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुऊन काढायचं.

पिवळं झुडूप सांगतं तारीख
फॉर्सिथिया या झुडपाला पिवळी फुलं आली, की क्रॅबग्रासचं बी उगवायची वेळ जवळ आली, हा जुन्या माळ्यांचा ठोकताळा. मातीचं तापमान साधारण १३ अंशांवर टिकलं की हे तण डोकं वर काढतं. एकच झाड लाखाहून जास्त बिया टाकू शकतं, म्हणून उगवण्याआधीच औषध मारतात. पण ते औषध चांगल्या गवताचं बीही उगवू देत नाही! म्हणजे वसंतात एक तर तण रोखा, नाही तर नवं बी पेरा. दोन्ही एकदम करणाऱ्यांची बियाण्याची पिशवी दरवर्षी वाया जाते.

पिवळं पडलं म्हणजे मेलं नाही
जुलैत लॉन तपकिरी झालं की लोक संध्याकाळी पाइप घेऊन उभे राहतात. खरं तर थंडीचं गवत उन्हाळ्यात झोपी जातं आणि काही आठवडे तसं सुखरूप राहतं. मूठभर गवत धरून ओढून बघा. घट्ट बसलं असेल तर ते जिवंत आहे. पाणी द्यायचंच तर पहाटे द्या. रात्रभर पाती ओली राहिली आणि हवा दमट असली की ब्राउन पॅच ही बुरशी येते. त्यात नत्राचं खत टाकलं तर तिला मेजवानीच. कापताना पात्याचा वरचा एक तृतीयांश भागच घ्या. उंच गवताची मुळं खोल जातात आणि त्याच्या सावलीत तणाचं बीही कमी रुजतं.

मधोमध जळलेला आणि कडेनं गर्द हिरवा गोल दिसला तर कुत्रा शोधा. मूत्रातलं नत्र मधे फार झालं म्हणून जाळतं, कडेला बेताचं पडतं म्हणून खताचं काम करतं. मादी एकाच जागी बसते, त्यामुळे तिचे डाग ठळक!

इथली हुमणी, तिथली हुमणी
गवत ओढल्यावर सतरंजीसारखं गुंडाळत हातात आलं, तर खाली मुळंच उरलेली नाहीत. माती उकरा: पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसवाल्याला हे दृश्य दाखवायला नको. आपल्या हुमणीच्याच कुळातली ही जपानी भुंगेऱ्याची पोरं. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली, न्यू जर्सीतच, रिव्हर्टन गावाजवळच्या एका रोपवाटिकेत. आपल्याकडे भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमतात. तिथले जून-जुलैत निघून गुलाब-द्राक्षांची पानं चाळणी करतात आणि अंडी लॉनमध्ये घालतात. ऑगस्ट-सप्टेंबरात अळ्या मुळांवर तुटून पडतात. मग रात्री त्या खायला स्कंक आणि रकून हे प्राणी येतात आणि उरलेलं लॉन उकरून ठेवतात.

आणि आपल्या दूर्वा?
जॉर्जिया-टेक्सासकडे उन्हाळ्याची गवतं चालतात, त्यात पहिला मान बर्मुडा ग्रासचा. हे गवत म्हणजे आपल्या दूर्वाच, किंवा त्यांचे संकर. गणपतीला एकवीस वाहायच्या त्या दूर्वा डॅलसमध्ये घरमालक बियाणं विकत घेऊन लावतो. जर्सीत मात्र त्याच दूर्वा तण ठरतात, आणि हरळीनं, म्हणजे याच दूर्वांनी, पिडलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. थंडी पडली की त्या वाळल्या पेंढ्याच्या रंगाच्या होतात. सावली तर त्यांना अजिबात सोसत नाही.

आता खरं काम
ऑगस्ट सरता सरता जर्सीच्या रात्री गार होतात, माती अजून उबदार असते, आणि क्रॅबग्रास पहिल्या कडक थंडीत आपोआप मरणार असतं. बी पेरायला यापेक्षा चांगली वेळ नाही. जमीन तुडवून घट्ट झाली असेल तर आधी पोकळ दातांच्या मशीननं भोकं पाडून घ्या. रायग्रास निवडाल तर एक सुंदर गोष्ट लक्षात ठेवा: रट्गर्स विद्यापीठाच्या सी. रीड फंक यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये टिकून राहिलेल्या गवतापासून 'मॅनहॅटन' हे वाण तयार केलं आणि १९६७ साली ते बाजारात आलं. पायदळी तुडवूनही तगलेलं गवत, तेच निवडलं!

बियाण्यात थोडं पांढरं क्लोव्हरही मिसळा, असा माझा आग्रह राहील. हरभऱ्यासारखंच ते हवेतलं नत्र मुळांत धरतं आणि मधमाश्यांना फुलं देतं. पूर्वी लॉनच्या बियाण्यात ते सर्रास असे. १९४०च्या दशकात २,४-डी हे तणनाशक आलं, त्यानं रुंद पानांच्या तणांबरोबर क्लोव्हरही मारलं, आणि मग क्लोव्हरलाच तण ठरवलं गेलं.

पानगळीची पानं पोत्यात भरून फेकू नका. मोअर दोनदा फिरवून चुरा केला की तो गवतात मुरतो आणि मातीचं भलं करतो. खत टाकायचं तर १५ नोव्हेंबरच्या आत. तिथून १ मार्चपर्यंत न्यू जर्सीत घरमालकानं लॉनला खत टाकायला २०११च्या कायद्यानं बंदी आहे, कारण थंड जमिनीत ते मुळांना मिळत नाही आणि पावसाबरोबर वाहत जाऊन बार्नेगाट उपसागरात शेवाळ माजवतं. नवं लॉन लावताना सोडलं, तर माती तपासून कमतरता दिसल्याशिवाय फॉस्फरसही टाकता येत नाही. म्हणूनच तिथल्या दुकानात लॉनच्या खताच्या गोणीवर तीन आकड्यांतला मधला, म्हणजे फॉस्फरसचा, बहुतेकदा शून्य असतो.