वाघोबा खिंडीतला रविवार

वसई-विरारच्या मॅरेथॉनमध्ये मी पहिल्यांदा ४२.१९५ किलोमीटर पूर्ण केले. त्याहून लांब कुठलीही शर्यत म्हणजे अल्ट्रा. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स १९२१ पासूनची, सुमारे ९० किलोमीटरची, मुदत बारा तास. आता तिचा ध्यास लागलाय.

सरावासाठी लांब जायला नको. पालघर-मनोर रस्त्यावरची वाघोबा खिंड आहेच. चढावर मी खुशाल चालतो. अल्ट्रात चालणं म्हणजे हार नव्हे, ताकद राखणं. खरी परीक्षा उताराची, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या सांगतात.

बोईसरकरांनो, चिंचणीला ओहोटीची वेळ बघून जा. ओली, घट्ट वाळू पायाला बरी. कोरडीत पोटऱ्या ओढल्या जातात. आपल्याकडच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग तापतच राहतं. मे महिन्यात नुसतं पाणी पीत पळालो आणि पंचविसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले. घरी पाहिलं तर टोपीच्या कडेवर मिठाची पांढरी रेघ! तेव्हापासून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि चार खजूर सोबत असतातच.

येत्या रविवारी पहाटे पाचला खिंडीच्या पायथ्याशी या. टॉर्च आणा, रस्त्यावर ट्रक असतात.