दुर्मीळ आवाज : ते कसे हरवतात आणि कसे टिकतात



आज मोबाइलवर एक नाव लिहिलं की हवं ते गाणं दोन सेकंदांत समोर येतं. त्यामुळे आपल्याला वाटतं, जगातलं सगळं संगीत कुठंतरी साठवलेलं आहेच. खरं तसं नाही. जे मिळतं ते कुणीतरी जपलं म्हणून मिळतं. जे कुणी जपलं नाही, ते कितीही चांगलं असलं तरी गेलं. या पाठात आपण दुर्मीळ ध्वनिमुद्रणं म्हणजे काय, ती जपणारे आणि एकमेकांना ऐकवणारे रसिक नेमकं काय काम करतात, आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात हे काम कुठं शिल्लक आहे, ते पाहू.

आपल्या जंगलातली लाख आणि गाण्याची तबकडी

जुन्या ग्रामोफोनची काळी तबकडी तुम्ही चित्रात पाहिली असेल. ती कशाची बनत असे? प्लॅस्टिकची नाही, बरं का. तिच्यात मुख्य पदार्थ होता लाख. पळस आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा वाढतो, त्याच्या अंगातून पाझरणारा चिकट पदार्थ वाळून लाख तयार होते. आपल्या भंडारा-गोंदिया भागातल्या जंगलांत ही झाडं भरपूर. (गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.) लाख शुद्ध करून तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळायची, गरम लगदा साच्यात दाबायचा, की तबकडी तयार.

लाख ठिसूळ असते. हातातून पडली की तबकडी फुटलीच. शिवाय तिला पुन्हा वितळवता येतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत लाखेच्या वापरावर निर्बंध आले. तेव्हा लोकांकडून जुन्या तबकड्या परत घेऊन त्या लगद्यातून नव्या काढल्या गेल्या. म्हणजे एक गाणं छापायला दुसरं गाणं मोडलं! आवाज दुर्मीळ होण्याचं पहिलं कारण हे : तो ज्या वस्तूवर असतो, ती वस्तू नाशवंत असते.

स्वतःचं नाव सांगणारं गाणं

भारतात ग्रामोफोन कंपनीनं पहिली ध्वनिमुद्रणं नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात केली. फ्रेड गेसबर्ग हा तंत्रज्ञ त्यासाठी आला होता. त्या वेळी गायलेल्या कलावंतांत गौहर जान हे मोठं नाव. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेनं मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं, त्या आवाजानं सुई थरथरायची आणि मेणाच्या चकतीवर रेघ उमटायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे केवढी कसरत!

गौहर जान यांच्या अनेक तबकड्यांत गाणं संपताच त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात. हे का? तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. भारतात कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. परदेशातल्या कारागिराला भाषा कळत नव्हती, मग कोणत्या तबकडीवर कुणाचं नाव छापायचं? म्हणून ध्वनिमुद्रणातच नाव. आज शंभर वर्षांनंतर वरचा कागद फाटला असला तरी ती तबकडी कुणाची, हे तीच सांगते.

या गोष्टीतून आजच्या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा निघतो. आवाज टिकायला दोन गोष्टी लागतात : त्याची दुसरी प्रत आणि त्याचं नाव-गाव. नुसती प्रत असून भागत नाही. कोण गातंय, कुठं गातंय, कधी गातंय हे माहीत नसलेलं ध्वनिमुद्रण म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

संग्राहक नेमकं काय करतात?

आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९७० च्या आसपास बनायच्या थांबल्या. घरोघरच्या तबकड्या माळ्यावर गेल्या, भंगारात गेल्या. तिथून त्या उचलून आणणारी काही वेडी माणसं होती. मुंबईच्या चोर बाजारात ढिगारे उपसणारी, एका तबकडीसाठी गावोगाव फिरणारी. अशा रसिकांनी १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरू केली. पेशानं शास्त्रज्ञ असलेले सुरेश चांदवणकर हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक. संस्थेनं ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिक काढलं. त्याचे अंक आता शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया विषयक डिजिटल ग्रंथालयात कुणालाही वाचता येतात. विक्रम संपत यांच्या ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’नं आणि इतरही अनेकांनी जुन्या तबकड्यांचं डिजिटल रूप करून ते इंटरनेटवर ऐकायला ठेवलं आहे.

पण ही मंडळी फक्त गाणी गोळा करतात असं समजू नका. त्यांचं अर्धं काम कानाचं, अर्धं डोळ्यांचं. तबकडीच्या मधल्या कागदावर कंपनीचा क्रमांक छापलेला असतो. कागद आणि रेघांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर बारीक अक्षरांत दुसराच एक क्रमांक उमटलेला असतो. तो मूळ साच्याचा क्रमांक. भिंगातून तो वाचून, याद्यांशी ताडून संग्राहक शोधतात की हे ध्वनिमुद्रण कोणत्या दौऱ्यातलं, कोणत्या सालचं, एकाच गाण्याच्या दोन वेगळ्या तबकड्या आहेत की एकच. एकाकडे तबकडी असते, दुसऱ्याकडे यादी असते, तिसऱ्याला आवाज ओळखू येतो. म्हणूनच हे काम एकट्यानं होत नाही. वाटून घेतल्याशिवाय, एकमेकांना ऐकवल्याशिवाय ते पुढं जातच नाही.

कपाटात राहिलेला प्रयोग

दुर्मीळ म्हणजे फक्त जुनं शास्त्रीय गाणं, असंही नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत विजेवर आवाज निर्माण करणारं मूग सिंथेसायझर हे यंत्र बसवलं गेलं. अमेरिकेचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी त्यात पुढाकार घेतला. पुढची तीन वर्षं गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा काही जणांनी त्यावर प्रयोग केले. त्यात ओळखीचा राग नाही, ठेका नाही. घरघर, शिट्ट्या, थरथर, लांबत जाणारे सूर. ही रिळं नंतर संस्थेच्या संग्रहात पडून राहिली. ब्रिटनचे कलावंत पॉल पुरगस यांनी ती शोधून काढली आणि २०२३ मध्ये त्यांतला निवडक भाग प्रसिद्ध झाला. भारतात इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग इतक्या आधी झाले होते, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. संस्थेनं रिळं फेकली नव्हती, म्हणून हे शक्य झालं.

आणि जो आवाज राहिलाच नाही

आता उलट उदाहरण पाहा. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) हे मराठी संगीतातलं फार मोठं नाव. बालगंधर्वांचे आणि मास्टर कृष्णरावांचे ते गुरू. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात पुढं ‘भारत गायन समाज’ म्हणून प्रसिद्ध झालेली संस्था काढली. १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’ नाटकातल्या पदांना चाली त्यांच्याच. त्यांच्या हयातीत ग्रामोफोन भारतात येऊन वीस वर्षं झाली होती, तरी त्यांच्या गाण्याची तबकडी आज कुणाकडेच मिळत नाही. शिष्यांच्या गळ्यातून त्यांची गायकी कळते, आठवणींतून त्यांचा मोठेपणा कळतो. आवाज मात्र गेला तो गेलाच. एवढ्या थोर कलावंताचं असं होतं, तर आपल्या गावच्या शाहिराचं काय होत असेल?

आपल्या भंडाऱ्याचं काय?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्याला आपण झाडीपट्टी म्हणतो. दिवाळी झाली, मंडई भरली की इथं दंडार, खडी गंमत आणि नाटकं सुरू होतात, ती पार होळीपर्यंत. शंकरपटाच्या गावी रात्रभर नाटक चालतं. या रंगभूमीसाठी आयुष्य देणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीतले शब्द गोळा करून शब्दकोश केला. म्हणजे आपले शब्द कागदावर आले. पण शब्द कागदावर येतो, चाल येत नाही. म्हातारा शाहीर ओळीच्या शेवटी आवाज कसा चढवतो, ढोलकीवाला कुठं थांबतो, नाच्याच्या सवालावर लोक कसे हसतात, हे फक्त ध्वनिमुद्रणातच राहतं.

अशी ध्वनिमुद्रणं मुंबईच्या संग्राहकाकडे मिळणार नाहीत. ती आहेत तुमच्याच घरी किंवा शेजारी. १९८० आणि ९० च्या दशकात गावोगाव टेपरेकॉर्डर आले. कुणी मंडळाचं भजन टेप केलं, कुणी दंडार, कुणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या. त्या कॅसेटी आता ट्रंकेत आहेत. काहींवर नंतर सिनेमाची गाणी भरली गेली, काहींवर बुरशी चढली. अलीकडचं ध्वनिमुद्रण मोबाइलच्या मेमरी कार्डवर आहे, आणि ते तर कॅसेटपेक्षाही लवकर जातं : कार्ड बिघडलं, फोन हरवला, संपलं.

मग करायचं काय? पायरीपायरीनं

१. आधी वाचा, मग वाजवा. कव्हरवर आणि कॅसेटवर जे लिहिलं आहे त्याचा फोटो काढा. कॅसेटच्या वरच्या कडेला मागच्या बाजूला दोन छोट्या चकत्या असतात. त्या मोडून टाका. मग चुकून कुणी त्यावर नवं टेप करू शकत नाही.

२. वाजण्याजोगी आहे का पाहा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर लगेच वाजवू नका. ती यंत्रात पसरते. फीत तुटली असेल तर जाणकार दुरुस्तीवाला ती जोडून दुसऱ्या कवचात बसवून देतो. तुटली म्हणून फेकू नका.

३. संगणकावर घ्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या आवाज घेणाऱ्या भोकात जोडायची. ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मूळ प्रत वेव्ह प्रकारात ठेवा. तिला मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ६०० एमबी. एमपीथ्री लहान असते, कारण तिच्यात आवाजातला काही भाग गाळलेला असतो. ती ऐकायला आणि पाठवायला ठीक, जपायला नाही.

४. खरखर पुसायची घाई नको. सफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर करा. खरखरीबरोबर तुणतुण्याचा बारीक नादही जाऊ शकतो.

५. नाव-गाव लिहा. गाणारे कोण, वाजवणारे कोण, गाव, तालुका, साल, प्रसंग, कॅसेट कुणाची. साल नक्की माहीत नसेल तर ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहा. अंदाज खरा म्हणून लिहू नका.

६. तीन प्रती करा. एक संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. घराला काही झालं तरी आवाज वाचेल.

सगळ्यांना ऐकवण्याआधी

दुर्मीळ आहे म्हणून काहीही इंटरनेटवर टाकावं, असं नाही. आपल्या कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क, ते ज्या साली निघालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६० मध्ये निघालेल्या तबकडीचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण त्या गाण्याचे शब्द लिहिणारा आणि चाल लावणारा यांचा हक्क वेगळा असतो. तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ज्यानं प्रत्यक्ष गायलं-वाजवलं, त्यालाही ५० वर्षं स्वतंत्र हक्क आहे. म्हणून गावच्या शाहिराचं गाणं असेल तर आधी त्याला विचारा, तो नसेल तर घरच्यांना विचारा. घरात गायलेलं गाणं सगळ्या जगानं ऐकावं असं प्रत्येकाला वाटेलच असं नाही. ‘नको’ म्हणाले तर प्रत जपून ठेवा, पसरवू नका. जपणं आणि पसरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एक लक्षात घ्या. कॅसेटवरचा आवाज ओळखू शकणारी माणसं आज सत्तर-ऐंशी वर्षांची आहेत. फीत कदाचित अजून दहा वर्षं टिकेल, पण ‘हा तर आपल्या मोहाडीचा अमका’ असं सांगणारं माणूस तेव्हा असेलच असं नाही. म्हणून कॅसेट आधी आजोबांना ऐकवा, आणि ते जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत लिहा.

स्वाध्याय

१. आवाज टिकायला कोणत्या दोन गोष्टी लागतात? पाठातलं एक उदाहरण देऊन सांगा.

२. गौहर जान तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव का सांगत असत?

३. वेव्ह आणि एमपीथ्री यांत काय फरक आहे? जपण्यासाठी कोणता प्रकार वापराल?

४. उपक्रम : दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या आणि शेजारच्या कॅसेटींची यादी करा. प्रत्येकीसमोर गाणारे, गाव, साल आणि ओळख सांगणाऱ्या व्यक्तीचं तुमच्याशी असलेलं नातं लिहा. मंडईत दंडार पाहिलीत तर मंडळाच्या प्रमुखांची परवानगी घेऊन एक गाणं टेप करा, आणि सुरुवातीलाच तुमच्या आवाजात गाव, तारीख आणि गाणाऱ्याचं नाव सांगा.