केबिनमधील वही

ज्या घरांत रोजकीर्द नियमानें लिहिली जाते, तेथील वडील मंडळींस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. खर्च ज्या दिवशीं झाला त्याच दिवशीं तो लिहिला पाहिजे. दुसरे दिवशीं आठवून लिहिलेली ओळ बेरजेस जुळते. किंबहुना ती फारच चांगली जुळते, आणि म्हणूनच जुन्या कारकुनांना तिचा संशय येत असे. अशाच एका मागाहून लिहिलेल्या वहीची, आणि जळून गेलेल्या दुसऱ्या एका यादीची, ही हकीकत आहे. या दोन कागदांमुळें एका अपघाताचा शोध शंभरांहून अधिक वर्षें पुरा झालेला नाहीं.

स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सरहद्दीनजीक, ग्रेटना गांवापासून थोड्या अंतरावर क्विंटिन्शिल नांवाचें एक ठिकाण आहे. तेथें स्टेशन नव्हतें. जाणारायेणारा असे दोन मुख्य मार्ग, दोहों बाजूंस एकेक लूप, आणि देखरेखीस सिग्नलची एक केबिन, एवढाच तेथील संसार. ता. २२ मे १९१५ रोजीं सकाळीं ६ वाजून ४९ मिनिटांनीं तेथें जो अपघात झाला, त्यापेक्षां मोठा अपघात ब्रिटनच्या रेल्वेच्या इतिहासांत दुसरा नाहीं. युरोपांत महायुद्ध चाललें होतें. लीथ बंदरांतील तरुणांची एक पलटण, रॉयल स्कॉट्सची सातवी, लिव्हरपूलला बोटींत बसून गॅलिपोलीच्या रणभूमीकडे निघाली होती. तिच्या पहिल्या गाडीला हा घाला आला.

अशा प्रसंगाचा शोध घेणाऱ्याच्या हातीं पहिला कागद येतो तो सरकारी तपासणीचा. लेफ्टनंट कर्नल ड्रुइट या अधिकाऱ्यानें अपघातानंतर तिसऱ्याच दिवशीं कार्लाइल शहरीं उघड चौकशी सुरू केली, आणि १७ जून रोजीं अहवाल दिला. हा गृहस्थ रॉयल एंजिनिअर्स या लष्करी दलांतला होता. ब्रिटनमध्यें रेल्वेच्या अपघातांची तपासणी याच दलाच्या अधिकाऱ्यांकडे सोंपविण्याचा जुना प्रघात होता. दलाची स्वतःची एक शिकवणुकीची रेल्वेहि हँपशायर परगण्यांत लाँगमूर येथें होती. शिपायांनीं तेथें रूळ टाकावे, उखडावे, पुन्हा टाकावे, इंजिन हांकावें आणि सिग्नल संभाळावे. ती १९६९ सालीं बंद झाली. सांगण्याचें तात्पर्य इतकेंच कीं, गाडी कशी चालते हें तपासणाऱ्या दलाला पुस्तकावरूनच ठाऊक होतें असें नव्हे.

आतां मुख्य हकीकत. केबिनमध्यें रात्रपाळीचा मीकिन आणि दिवसपाळीचा टिन्सली असे दोन सिग्नलवाले होते. पाळी सकाळीं सहाला बदलावयाची. परंतु ज्या दिवशीं कार्लाइलहून येणारी लोकल क्विंटिन्शिलला थांबवावयाची असेल, त्या दिवशीं टिन्सलीनें चालत न येतां तिच्याच इंजिनावरून यावें, म्हणजे सुमारें अर्धा तास उशिरा यावें, असें दोघांनीं आपसांत ठरविलें होतें. हा उशीर वहींत दिसूं नये म्हणून सहानंतरच्या नोंदी मीकिन एका सुट्या कागदावर करी, आणि टिन्सली आल्यावर त्या आपल्या हस्ताक्षरांत वहींत उतरून काढी. अक्षर बदललें कीं माणूस बदलला, हा वरिष्ठांचा हिशेब. त्या हिशेबाला दिलेलें हें उत्तर होतें.

त्या दिवशीं दोन्ही लूप मालगाड्यांनीं अडले होते. मागून लंडनची रात्रीची एक्सप्रेस उशिरानें येत होती. तिला वाट देण्यासाठीं लोकल समोरच्या, म्हणजे उलट दिशेच्या, मुख्य मार्गावर नेऊन उभी केली. यांत गैर कांहींच नव्हतें. मात्र अशा वेळीं दोन काळज्या घ्यावयाच्या असतात. पलीकडच्या केबिनला मार्ग अडल्याची घंटा द्यावयाची, आणि त्या मार्गाच्या सिग्नलच्या लिव्हरवर एक लोखंडी कडें अडकवावयाचें. तें असेपर्यंत लिव्हर ओढली जात नाहीं. दोन्ही गोष्टी राहिल्या. शिवाय गाडी अशी उभी राहिली तर फायरमननें केबिनमध्यें जाऊन आठवण द्यावी, कडें घातलें कीं नाहीं तें पाहावें आणि वहींत सही करावी, असा नियम होता. लोकलचा फायरमन आला, सही करून परत गेला. कडें त्यानें पाहिलें नाहीं. केबिनमध्यें मालगाड्यांचे गार्ड आले होते, युद्धाच्या गोष्टी चालल्या होत्या, मीकिन वर्तमानपत्र वाचीत बसला होता, आणि टिन्सली मान खालीं घालून सुट्या कागदावरील आंकडे वहींत उतरीत होता.

६ वाजून ४२ मिनिटांनीं उत्तरेच्या केबिननें सैनिकांच्या गाडीसाठीं मार्ग मागितला. टिन्सलीनें लाइन क्लियर दिली. ज्या गाडीनें तो स्वतः आला, ती खिडकीबाहेर डोळ्यांसमोर उभी होती. पुढें त्यानें विसरलों एवढेंच सांगितलें, आणि आम्हांस तें खरें वाटतें. हात मागल्या अर्ध्या तासाच्या गाड्या लिहीत होता, तेव्हां मन समोरच्या गाडीवर कोठून असणार?

उतारावरून वेगानें येणारी सैनिकांची गाडी लोकलवर आदळली. २१३ यार्ड लांबीची ती गाडी दबून ६७ यार्डांची झाली. डबे जुने, लांकडी, आणि दिव्यांसाठीं गॅसच्या टाक्या असलेले. मिनिटभरांतच दोन इंजिनांची लंडनची एक्सप्रेस दुसऱ्या बाजूनें त्या ढिगाऱ्यांत शिरली. इंजिनांतील निखारे विखुरले, टाक्या फुटल्या आणि आगीनें पेट घेतला. कार्लाइलचा बंब दहाच्या सुमारास येऊन पोंचला. आग दुसऱ्या सकाळपर्यंत धुमसत होती. याविषयीं अधिक लिहवत नाहीं.

येथें दुसरा कागद पुढें येतो, किंवा येत नाहीं असें म्हणावें. गाडींत कोण कोण बसलें होतें, याची पलटणीची नामावळी गाडीबरोबरच जळाली. वांचलेल्यांना उभें करून मोजलें, घरोघरींच्या चौकशा जमविल्या, आणि त्यावरून मेलेल्यांची संख्या काढली. अधिकृत आंकडा २२७ असा ठरला : २१५ सैनिक, ९ उतारू आणि ३ रेल्वेचे नोकर. पुढें सैन्यानें आपल्या आंकड्यांतून १ वजा केला. त्यामुळें कित्येक पुस्तकांत २२६ आढळतात. त्या २१५ पैकीं ८३ देह ओळखतां आले, ८२ सांपडले पण ओळखूं येण्याजोगे नव्हते, आणि ५० मुळींच सांपडले नाहींत. पलटणीच्या बऱ्याच जणांचीं घरें एकाच बंदरांतील, जवळजवळच्या गल्ल्यांतील. २४ मे रोजीं लीथजवळच्या रोझबँक दफनभूमींत त्यांना एकत्र मूठमाती दिली, तेव्हां आपला मुलगा त्यांत आहे किंवा नाहीं हें ठाऊक नसलेल्या आया तेथें उभ्या असल्या पाहिजेत.

देह न मिळाल्यास आपल्याकडे पळसाच्या पानांची प्रतिमा करून पालाशविधि करतात. त्या विधीला देह नसला तरी चालतो. नांव मात्र लागतें. क्विंटिन्शिलच्या ढिगाऱ्यांतून चार देह असे निघाले कीं, त्यांना नांवहि मिळालें नाहीं. ते लहान मुलांचे असावेत असें मानण्यांत आलें. एका शवपेटीवर लहान मुलगी, ओळखूं न येणारी, एवढेंच लिहिलें होतें. मूल हरवल्याची कोणाचीच तक्रार नव्हती. ओळख पटावी म्हणून त्यांना ग्लासगोला नेलें. कोणी आलें नाहीं. तेथील वेस्टर्न नेक्रॉपोलिस दफनभूमींत त्यांना पुरलें. वर दिलेल्या २२७ मध्यें हे चार नाहींत.

तिसरा कागद न्यायालयाचा, आणि त्याची मौज निराळी. जखमींपैकीं कांहीं जण कार्लाइलच्या इस्पितळांत वारले. तें शहर इंग्लंडांत. केबिन स्कॉटलंडांत. दोन्ही देशांचा राजा एक, पण कायदे दोन. त्यामुळें त्याच चुकीसाठीं कार्लाइलच्या ज्यूरीनें तिघांवर एका नांवाचा गुन्हा ठेवला आणि स्कॉटलंडच्या सरकारानें दुसऱ्या नांवाचा. अखेर खटला एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयांत सप्टेंबर १९१५ मध्यें चालला. दीड दिवसांत संपला. ज्यूरीला निकालास आठ मिनिटें लागलीं. टिन्सलीला तीन वर्षें सक्तमजुरी, मीकिनला अठरा महिने कैद, फायरमन निर्दोष. १९१६ च्या डिसेंबरांत दोघेहि सुटले.

आठ मिनिटांत सुटलेलें हें गणित पुढील संशोधकांना मान्य झालेलें नाहीं. रिचर्ड्स आणि सर्ल या दोघां लेखकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत असें प्रतिपादिलें कीं, सिग्नलवाल्यांना बळीचे बकरे केलें आणि रेल्वे कंपनीची व सरकारची जबाबदारी झांकली गेली. आम्हांस हें मत सर्वस्वीं पटत नाहीं. वही मागाहून लिहिली, कडें घातलें नाहीं, घंटा दिली नाहीं, हें त्या दोघांच्या स्वतःच्या जबानींतून निघालेलें आहे. तेथें कटाची गरजच नाहीं. परंतु पाळीची ती अदलाबदल कांहीं एका दिवसाची नव्हती. टिन्सली लोकलच्या इंजिनावरून उतरे तें ड्रायव्हरला दिसे, फायरमनला दिसे, गार्डला दिसे. तें वरच्या अधिकाऱ्यांना मात्र कधींच दिसलें नाहीं, हें आम्ही आजोबांच्या रोजकीर्दीवर वाढलेलीं माणसें सहजीं मानणार नाहीं. ज्वालाग्राही डब्यांतून पलटण कोणी पाठविली, हाहि प्रश्न केबिनमधल्या दोघांना विचारतां येत नाहीं. रुळांतून विजेचा प्रवाह सोडून, गाडी उभी असतां सिग्नल आपोआप अडकेल अशी सोय त्या काळीं माहीत होती. पण एवढ्या साध्या ठिकाणीं ती कोणास अगत्याची वाटली नव्हती.

दोघेहि तुरुंगांतून सुटल्यावर त्याच कंपनीनें त्यांना पुन्हा कामावर घेतलें. टिन्सली दिव्यांची व्यवस्था पाहूं लागला. मीकिन मालगाडीचा गार्ड झाला, आणि पुढें त्यानें कोळशाचा व्यापार मांडला. वखार त्याच क्विंटिन्शिलच्या सायडिंगजवळ. ग्लासगोच्या त्या चौघांसाठीं दफनभूमींत शिला बसविली गेली ती २०११ सालीं.