अमळनेर ते सर्जापूर

बंगळूरच्या आग्नेयेला, सर्जापूर भागात अझीम प्रेमजी विद्यापीठाचं निवासी संकुल आहे. या विद्यापीठाच्या पैशाचा उगम मात्र आपल्या खानदेशात आहे. 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. तिचीच पुढे ‘विप्रो’ झाली. 1966 मध्ये वडील गेले आणि एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला. 2019 पर्यंत त्यांनी विप्रोच्या 67 टक्के समभागांचं उत्पन्न समाजकार्यासाठी देऊन टाकलं होतं. 2010 च्या कर्नाटक कायद्याने उभं राहिलेलं हे विद्यापीठ त्याच पैशावर चालतं.

पदवीचे वर्ग 2015 मध्ये सुरू झाले. अर्थशास्त्र घ्या की जीवशास्त्र, भारतीय समाजाची ओळख, तर्कशुद्ध विचार आणि लेखन हे सगळ्यांनाच शिकावं लागतं. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जात, शेती, राज्यघटना यांवर निबंध लिहावा लागतो आणि त्यातल्या प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागतो. वर्षाअखेरीच्या एकाच पेपरवर भिस्त नसते; निबंध, सादरीकरण, क्षेत्रकार्य असं वर्षभर काही ना काही चालू असतं. गाइडं पाठ करून बारावी काढलेल्या मुलाला सुरुवातीला हे जड जातं. मेसमध्ये शेजारी बसलेल्याची भाषाही वेगळी असते. वर्गातला वाद जेवणाच्या ताटावर पुढे चालतो, तेव्हा मात्र वाचलेलं अंगी लागतं.

असं शिक्षण देशात इतरत्रही मिळतं, पण त्याची फी वर्षाला काही लाखांत जाते. इथे कुटुंबाचं उत्पन्न पाहून शिक्षणाची आणि वसतिगृहाची फी कमी होते, गरज असेल तर पूर्ण माफ होते. कोरडवाहू कापसावर चालणाऱ्या घरातल्या मुलीला ‘मला अर्थशास्त्र शिकायचंय’ असं वडिलांसमोर म्हणता येतं, ते या सवलतीमुळे.

एकत्र राहून शिकण्याचा हा विचार अमळनेरला नवा नाही. 1916 मध्ये प्रताप शेठजींनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. 1924 पासून साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवत होते. छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणं आवरत आणि हाताने लिहिलेलं ‘छात्रालय दैनिक’ त्यांच्यापुढे ठेवत. शिकणं आणि एकत्र राहणं त्यांच्या लेखी एकच होतं.

पुढे आपण तालुक्यातालुक्यांत अभियांत्रिकी महाविद्यालयं काढली आणि कला शाखा ‘मार्क कमी पडले’ म्हणून घ्यायची ठरवली. ही समजूत मोडायला हवी. खानदेशातल्या शिक्षकांनी हुशार मुलांना या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज आवर्जून भरायला लावावा. ज्या मातीतून हा पैसा उभा राहिला, तिथल्या मुलांचा या शिक्षणावर हक्कच आहे.